घुबडाचा पत्ता

विज्ञान प्रदर्शनात मार्गदर्शक शिक्षकानं तोंड उघडायचं नसतं. परीक्षक विचारणार, मूल उत्तर देणार आणि आपण जीव मुठीत धरून शेजारी उभं राहायचं. त्या दिवशी अकोल्यात मी तशीच उभी होते.

माझी नववीतली विद्यार्थिनी अकोटजवळच्या झेंडूवाल्यांच्या घरची. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीच्या कपारीत गव्हाणी घुबडांची जोडी राहते. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडाकेसांचा गोळा ओकून टाकतं. पोरीनं असे गोळे जमवले, चिमट्यानं सोडवले आणि आतल्या कवट्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या. राखायला घुबडं असली तर शेतात उंदरांचं विष कशाला, एवढंच तिचं म्हणणं. तिच्या बापानं विष आणणं बंदही केलं होतं. मला त्याचंच जास्त कौतुक होतं.

परीक्षक खूश दिसले. मग म्हणाले, "ठिकाण लिहिलेलं नाही. ठिकाणाशिवाय कसलं संशोधन?"

बरोबरच होतं. मीच वर्गात हे घोकून घेते. पण दिवाळी तोंडावर होती, आणि गुप्तधनाच्या नादात अमावास्येला घुबडं धरून नेणारे महाभाग आमच्याकडे आहेत. परीक्षकांच्या मागे उभा असलेला एक माणूस मघापासून तिला तेच विचारत होता.

ती म्हणाली, "गावाबाहेरच्या, कापसाच्या बंद जिनिंगमध्ये."

सपशेल खोटं. मी गप्प राहिले. नियमच तसा होता, आणि मनातून मला बरंच वाटलं. तिचा पहिला नंबर आला. परतीच्या एसटीत ढाल मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर बघत बसली.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्याच दिवशी ती माझ्याकडे आली. ओढणीच्या गाठीत बदामी-पांढरी पिसं होती.

मी विचारलं, "विहिरीतली?"

"नाही मॅडम. ते जोडी हाये तिथंच. हे बंद जिनिंगमधले." ती तिथं जाऊन आली होती. पाखरं धरायच्या जाळ्याचा तुकडा पडला होता, अंडी फुटलेली होती. "मले काय मालूम, तिथंबी होते म्हणून."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तो मलाच खोटा वाटला.

तिनं दप्तरातून कागदात गुंडाळलेला एक गोळा काढून टेबलावर ठेवला.

"तिथंच सापडला. सोडवू का, मॅडम? आता तिथं कोणीच नाही. आता ठिकाण खरं लिहितो."