सुमाच्या आवाजात

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगतेय—का, ते विचारू नका.

माझी गर्भपिशवी काढली त्या वर्षाची गोष्ट. कुडाळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उचलायचं नाही, झोप काढायची. नवरा मुंबईला नोकरीत. घरी मी आणि सासूबाई. त्या म्हणाल्या, "डाक्टराक काय जाता सांगूक! पेज काय तो शिजवतलो?" मी कळशी उचलली. टाके ओढायचे, मी उचलतच राहिले.

एका तिन्हीसांजेला विहिरीजवळ मी मटकन खाली बसले. सासूबाई ओरडत आल्या. आणि माझ्या तोंडून आलं—"आये, वैनीक निजूक दी."

हा आवाज सुमाचा. सुमा माझी नणंद. तिचं लग्न व्हायच्या आधीच, माझ्या डोळ्यांदेखत तापाने गेली होती. शब्द लांबवून बोलायची ती. मला नक्कल चांगली जमायची.

अंगात आलं नव्हतं. मी पूर्ण शुद्धीवर होते.

गावचा घाडी आला, अंगातलं-बाहेरचं बघणारा; त्याने देवाला गाऱ्हाणं घातलं. सुमा सुनेच्या अंगात आलीय, हिला पाण्याकडे-चुलीकडे धाडू नका, म्हणाला. मग काय? मी माजघरात निजून राहिले. सासूबाई गरम पेज आणायच्या, तळपायांना खोबरेल चोळायच्या. इतकं कुणी माझं कधी केलं होतं? चोळताना मला सुमा म्हणायच्या. "बरी आसंस मा गो, बाय?" मी म्हणायची, "हय, आये." कधीकधी उत्तर माझ्या आधीच तोंडात तयार असायचं—तेव्हा अंगावर काटा यायचा. तरी मी थांबले नाही.

जखम भरली. ताकद आली. हे नीट ऐका—मी बरी झाले होते. त्या मात्र वाळत चालल्या होत्या; विहीर, चूल, गोठा सगळं त्यांच्यावर. उठले असते तर? पण उठायचं म्हणजे सुमाला घालवायचं. आणि खरं सांगू? मला झोप सोडवत नव्हती.

एकदा पाय चोळता चोळता त्यांनी विचारलं, "माका कधी नेतलंस गो?"

मला डोळा लागत होता. त्यांनी गप्प व्हावं, एवढंच वाटलं. मी म्हटलं, "बेगीन, आये."

लवकरच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडलं. ठेवणीतलं लुगडं नेसून दारासमोरच्या खळ्यात बसायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायच्या, "चेडू येतला माका व्हराक." मुलगी न्यायला येणार म्हणून. नवरा धावत आला, डॉक्टरांना आणलं. वयाचं आहे, ते म्हणाले. मी उशाशी उभी. 'सासूबाई, ती मी होते'—चार शब्द. माझ्या स्वतःच्या आवाजात. नाही निघाले.

शेवटच्या घटकेला त्यांनी माझा हात चाचपला, सुमा आली का विचारलं. "इलंस?"

"इलंय, आये," मी म्हटलं. सुमाच्याच आवाजात. त्यांनी हात घट्ट धरला, आणि मी तो धरू दिला.