मामांच्या वहीतला बचावपटू

माझ्या बायकोच्या मामांचा या जगात कुणावरही विश्वास नाही, आणि जगाने त्यांना आजवर एकदाही फसवलेले नाही, याचा तर त्यांना सगळ्यात जास्त संशय येतो. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये तीस वर्षं काढूनही प्रत्येक राउंडअबाउटला, म्हणजे रस्त्यातल्या गोल चौकाला, ते दोन फेऱ्या मारतात. मागची गाडी आपल्याच मागावर आहे का, हे बघून घेतलेले बरे. हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते. पेशंट गाढ झोपला तरी हा सोंग तर करत नाही ना, अशा नजरेने त्याच्याकडे बघत बसायचे. आमच्याकडे चहा दिला तर मी पहिला घोट घेईपर्यंत थांबतात.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने, मेघनाने, बेन नावाचा आइस हॉकी खेळणारा मुलगा पसंत केला. तो गावातल्याच संघात बचावाला होता. "बाबा, तू त्याचा एक मॅच तरी बघ ना," ती आपल्या इंग्लंडी मराठीत म्हणाली. मामांनी दोन हिवाळे सगळ्या मॅची बघितल्या. स्थळाची चौकशी अशी अर्धवट करायची नसते. बर्फाच्या रिंकवरची चहावाली, स्केट्सना धार लावणारा आणि पार्किंगवाला, तिघांना गाठून त्यांनी मुलाचे वळण विचारले. तिघांनीही चांगलेच सांगितले, तेव्हा तिघे आतून सामील आहेत अशी वहीत नोंद झाली. त्याच वहीत डावीकडे गुण: अंगावर आलेल्याला कठड्याशी दाबून धरतो, पडला तर रडगाणे न गाता उठतो. उजवीकडे दोष: डाव्या बाजूला वळायला उशीर, पुढचा एक दात नाही, तो कुठे गेला याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. लग्नाला मात्र शेवटी हो म्हणाले. "इथेच आहे, डोळ्यांसमोर राहील," असे मला म्हणाले.

वर्षभरातच स्कॉटलंडच्या एका संघाने दोन खेळाडू देऊन बेनला मागितले. "एकाच्या बदल्यात दोन? काहीतरी काळंबेरं आहे," मामा म्हणाले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. बेन गेला की मेघनाही जाणार. तिकडचा माणूस बेनला बघायला आला, तेव्हा मामा मला घेऊन त्याच्या शेजारीच जाऊन बसले. आपल्याकडे स्थळ मोडायला जसे कुणीतरी कानाशी लागते, तसे त्यांनी वही उघडून उजवे पान वाचायला सुरुवात केली. डावीकडे वळत नाही, दात नाही, सगळे सांगितले. त्या गृहस्थाने वही मागून घेतली, तारखा बघत शांतपणे चाळली आणि विचारले, "दोन वर्षं पाळत ठेवून तुम्हाला एवढंच सापडलं?"

त्याच आठवड्यात सौदा ठरला.

ती दोघे निघाली त्या सकाळी मामा त्यांना मोटरवेपर्यंत सोडायला त्यांच्या मागोमाग आपली गाडी घेऊन निघाले. मी शेजारी होतो. "बाबा, तू आता घरी जा, मी पोचला की फोन करते," मेघना गाडीची काच खाली करून म्हणाली, आणि शेवटच्या राउंडअबाउटवरून त्यांची गाडी उत्तरेला वळली. मामा नेहमीसारखे दुसऱ्या फेरीला लागले. मग तिसऱ्या. मग चौथ्या. मी मागे वळून बघितले. आमच्या मागे कुणीच नव्हते.