पाण्याला भिणारे डोमाजी

वाटेत नाला आला की डोमाजी आधी बंडीतून उतरत आणि काठावरच्या माणसाला विचारत, "पानी केवढं आहे जी?" तो 'घोट्याएवढं' म्हणाला, की पुढचा प्रश्न ठरलेला: "तुमच्या घोट्याएवढं का माझ्या?" मग चपला हातात घेऊन ते डोळे मिटून पाण्यात शिरत, आणि पलीकडे पोचल्यावर असा सुस्कारा सोडत, जणू वैनगंगाच पोहून आले.

डोमाजी देवी टोचणारे होते. गोंदियाकडच्या खेड्यांत त्यांना सगळे 'देवीवाले' म्हणत. मी पंचावन्न सालच्या सुमारास नर्स म्हणून नवी लागले, तेव्हा मला त्यांच्याबरोबर दौऱ्यावर धाडलं. पन्नाशीचा, काडीसारखा माणूस. देवीच्या रोग्याच्या उशाशी बसून बिनधास्त चहा प्यायचा. पण पाणी दिसलं की दोन पावलं मागे सरायचा. मी थट्टा केली की म्हणत, "नोकरी सरकारची आहे बाई, भेव आपल्या घरचं."

लस उन्हात नासते, म्हणून आमचं काम हिवाळ्यातच चाले. त्या पौषात नवेगावकडच्या एका मोठ्या तलावाकाठी देवीची साथ आली. तलावाच्या मधोमध एक टेकाड होतं, त्यावर अकरा घरं. चैत्रात पाणी ओसरलं की तिथं पायी जाता येई. तोवर डोंगा, म्हणजे झाडाचा बुंधा कोरून केलेली होडी. टेकाडावरच्या एकाही पोराला टोचलेलं नव्हतं. कारण सरळ होतं. दर वर्षी डोमाजी 'चैत्रात जाऊ' म्हणत, आणि चैत्रात लस नसे. आता मात्र टेकाडावरची माणसं बाजाराला याच काठावर येत होती. देवी कधी त्यांच्याबरोबर डोंग्यात बसून जाईल, याचा नेम नव्हता.

पहाटेच्या धुक्यात बंडीनं निघालो, ते शेतांत रचलेले धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे मागे टाकत दुपारी काठावर पोचलो, रोग्यांची घरं पाहिली. वारा सुटला होता. डोंगेवाला नारबा म्हणाला, "आज नोका जाऊ जी, डोंगा हालून राहिला."

मला वाटलं, सुटले बिचारे. डोमाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"उद्या वारा पडन, हे तुह्याच्यानं सांगनं होते का?" त्यांनी नारबाला विचारलं.

"कसं सांगू जी?"

"मंग चाल."

लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून एका मडक्यात ठेवल्या होत्या. ते मडकं माझ्याकडे आलं, कारण त्यांचे दोन्ही हात डोंग्याच्या कडा धरण्यात गुंतले होते. "बाई, बोलत राहा. काहीबी बोला." मी भाताच्या पेजेपासून सासूच्या स्वभावापर्यंत सगळं बोलले. मध्यावर एक लाट आत आली, मी घसरले आणि मडकं हातातून निसटलं. डोमाजींनी दोन्ही कडा सोडल्या, मडकं झेललं आणि डोक्यावर धरलं. टेकाड येईपर्यंत ते तसेच बसून होते, डोळे मिटून. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला आणि माझ्या थट्टेची लाज वाटली.

टेकाडावर सगुणाबाई नावाच्या म्हातारीच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. "मातामाय कोपन. टोचाचं नाही," एवढंच ती बोले. मातामाय म्हणजे देवीचा रोग आणणारी देवता. आम्ही दोघांनी समजावून पाहिलं, पण ती ढिम्म. तेवढ्यात नारबा डोंग्यातली फजिती तिखटमीठ लावून सांगू लागला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. म्हातारी हसली नाही. ओल्या धोतरात कुडकुडणाऱ्या डोमाजींकडे बघत राहिली.

"येवढं भेव लागते, तं आला कायले गा?"

"त्या काठावर याच्याहून मोठं भेव पाहून आलो, माय. तीन पोट्टे गेले तेथं."

 म्हातारीनं आपल्या नातवाला दंडाला धरून पुढे ओढलं. संध्याकाळपर्यंत एकोणीस पोरांना टोचून झालं.

परत निघायची वेळ झाली, तेव्हा डोमाजींना एकाएकी नियम आठवला. टोचलेल्या जागी फोड उठतो की नाही, हे बघायला म्हणे आठ दिवस थांबावं लागतं. "मी येईन की आठव्या दिवशी," म्हटलं, तर पाण्याकडे न पाहता म्हणाले, "नियम तो नियम, बाई." मी एकटीच परतले. आठ दिवस सगुणाबाईच्या हातचा भात आणि तलावातले मासे खाऊन ते चांगले बाळसेदार होऊन आले.

देवी फाल्गुनापर्यंत काठावरच्या गावांतून फिरली. चैत्रात आम्ही दोघं चिखल तुडवत पायीच टेकाडावर गेलो. सगुणाबाई मातामायपुढे नारळ फोडत होती. आम्हाला पाहून म्हणाली, "माय पान्याले भेली, म्हून इकडं आलीच नाही."

माझं डोकंच फिरलं. लस, डोंगा, मडकं, सगळं तिला ऐकवायला मी तोंड उघडलं. डोमाजींनी हातानंच गप्प केलं.

"राहू द्या बाई. तिले काय मानाचं ते मानू द्या. तुम्ही पोट्टे मोजा."

मी मोजले. एकोणीसच्या एकोणीस होते.

"आनखी एकडाव मोजा," डोमाजी म्हणाले, आणि हसता हसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले.