घुमीची दहा मिनिटं

माझी नात तिसरं वर्ष सरेपर्यंत बोललीच नाही, आणि बोलायला लागली तीही मोजून मापून. म्हणून घरात सगळे तिला घुमी म्हणतात. तोंड मिटलेलं, कान मात्र सताड उघडे. फ्रीज एका सुरात गुणगुणतो, पंखा दुसऱ्या, दोघांचं जमत नाही म्हणून ही बया पंखा बंद करून घामानं निथळत बसायची. अशी पोर विद्यापीठात गेली ती संगीत रचायला शिकायला. गायला नाही, वाजवायलाही नाही. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, "लिहिणार ही आणि वाजवणार दुसरे? बरंय, आयतं!"

आयतं कसलं! शेवटच्या वर्षी पाच वादकांसाठी दहा मिनिटांची रचना करायची होती. त्यावरच पास-नापास. आठ महिने ती कॉम्प्युटरवर काळे ठिपके मांडत होती, खोडत होती. मी चहा ठेवायची, तो गार व्हायचा, मी उचलायची. माझी शाळा चौथीपर्यंत; त्या ठिपक्यांतलं मला काय कळणार? एकदा विचारलं, "हे आहे तरी काय गं?"

"आजी, पाच जण एका खोलीत बोलत बसलेत. कुणीच कुणाचं बोलणं तोडत नाही."

आमच्या घरात तर असं कधी घडलेलं नाही. हिनं कुठे पाहिलं कोण जाणे.

परीक्षेच्या दिवशी कागदांची पिशवी धरायला मी बरोबर गेले. वादक बाहेरून बोलावलेले. पंधरा मिनिटं सराव, की लगेच परीक्षकांपुढे वाजवायचं, तिथेच रेकॉर्डिंग. सराव सुरू झाला आणि घुमीचा चेहरा पांढराफटक पडला. चौघं गोडीत चाललेले आणि क्लॅरिनेट मधेच काट्यासारखं टोचतंय. मला वाटलं, नव्या पद्धतीचं असेल. तिला वाटलं, आठ महिने आपण मनात खोटंच ऐकलं. "थांबा" म्हणायला तोंड उघडायला हवं होतं. ते उघडलं नाही. परीक्षकांपुढेही तसंच वाजलं.

परीक्षक मात्र खूश! "त्या एकट्या क्लॅरिनेटचं सगळ्यांशी फटकून वागणं, वा! धाडस लागतं."

घरी येऊन तिनं क्लॅरिनेटचा कागद उघडला, तेव्हा चूक सापडली. ते वाद्य म्हणे लिहिलेल्यापेक्षा एक पायरी खालचा सूर काढतं. म्हणून त्याच्या वादकाचा कागद एक पायरी वर चढवून छापायचा असतो. कॉम्प्युटरला तसं सांगावं लागतं. तेवढं राहिलं. पहिल्या वर्षाची पोरं या चुकीसाठी बोलणी खातात.

तिनं त्या वादकाला फोन लावला. "काका, तुम्हाला कळलं नाही का हो?"

"कळलं ना, पहिल्याच ओळीला. पण तुमच्याकडे विचारायची सोय आहे का, पोरी? मागच्या वर्षी एकाला म्हटलं, हे चुकलंय का? तर तो म्हणतो, हीच तर रचना आहे! तेव्हापासून समोर येईल ते मुकाट वाजवतो."

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे जाऊन आली. सर म्हणाले, "निकाल वर गेलाय. पहिला वर्ग आहे, कशाला उकरतेस? आणि खरं सांगू? मला त्यात ते क्लॅरिनेटच तेवढं आवडलं होतं."

हे सगळं तिनं मला एका दमात सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा इतकं बोलली. बाहेर तिचा बाप फोनवर नात्यागोत्यात पहिला वर्ग वाटत होता. वादक पाच दिशांना पांगलेले. खरी रचना कुणी ऐकलीच नव्हती.

मी म्हटलं, "मला तरी म्हणून दाखव."

ती क्लॅरिनेटची ओळ गुणगुणू लागली. जराशानं थांबली. "इथे खाली चेलोचा जाड सूर हवा, आजी."

मी माझ्या फाटक्या आवाजात एक सूर लावला.

"तो नाही गं."

दुसरा लावला.

"तोही नाही."