लेफ्ट-राइट

गिटारचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत की कुणी घरी आलं आणि चहा ठेवला, की एखादा बाहेर पडतोच. हल्ली चहा एकट्यापुरताच ठेवतो, म्हणून लिहून काढतोय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. साताऱ्याच्या फॅक्टरीत आम्ही तिघं एकाच शिफ्टला. मी वडूजचा, सदा जतचा, पभ्या सांगलीचा. यमुनाकाकूंची मागची खोली भाड्याने घेतलेली. तिघांत मिळून एक जुनी गिटार आणली आणि रेडिओवर लागणारं एक इंग्रजी गाणं वाजवायचंच असं ठरवलं. सदा गाणार, पभ्या पत्र्याच्या डब्यावर ताल धरणार आणि गिटार माझी!

*

मिलिटरी बँडमधून रिटायर झालेले एक सुभेदार शिकवायला तयार झाले. माझी बोटं बघून म्हणाले, "तुला अख्खा कॉर्ड झेपायचा न्हाई. जाड तारांवर दोन बोटं ठेव, आन् तीच पकड दांडीवर म्होरं-मागं सरकव. लेफ्ट-राइट!"

या दोनच सुरांच्या पकडीला पॉवर कॉर्ड म्हणतात हे फार पुढे कळलं. सुभेदार बसून वाजवू देत नसत. त्यामुळे मी ते गाणं सावधानमध्ये उभा राहून शिकलो!

*

एकदा जाड तार तुटली. साताऱ्यात कुठेच मिळेना. पभ्याने सायकलच्या ब्रेकची वायर काढून ताणून बसवली. आवाज बरा आला. पण वायर आपल्याच सायकलची होती, हे पभ्याला दुसऱ्या दिवशी उतारावर आठवलं!

दोन्ही कोपरं सोलून घरी आला आणि पहिला प्रश्न, "गिटारची वायर टिकली का रं?"

*

सदाला इंग्रजी शब्द नीट कळायचे नाहीत. अडलं की तिथे खुशाल आपल्या जतकडचं कानडी भरायचा. एकदा त्याचा मामा जतहून आला. शांतपणे सगळं ऐकून म्हणाला, "चाल लय बेस हाय गड्या. पर मदीच मेंढरास्नी पाणी पाजा असं का म्हणतोय?"

भिंतीपलीकडे काकूंना ते गाणं भांडणच वाटलं होतं. ओरडल्या, "आवं, भांडायचं तर मराठीत तरी भांडा!"

*

मग सदा फौजेत भरती झाला. पभ्या लग्न करून सांगलीला गेला, सासऱ्यांच्या दुकानात बसला. खोलीत मी उरलो आणि गिटार.

सोबत मिळेल म्हणून एकदा गिटार घेऊन गल्लीतल्या भजनाला गेलो. पेटीवाले आप्पा कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "सा हाय, पंचम हाय. बाकीचे सूर गावाला गेले व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण परतताना रस्ता फार लांब वाटला. आप्पांचं बरोबर होतं. माझ्या दोन बोटांत चाल नव्हतीच, ती सदाच्या गळ्यात होती. मला तर गाता येत नाही. कुणालाही वाजवून दाखवलं की तो थोडं थांबून विचारायचा, "गाणं कवा सुरू व्हनार?"

या प्रश्नाचा मला फार त्रास व्हायचा. गाणं पुरं येत होतं, पण माझ्याशिवाय कुणाला ते ऐकूच येत नव्हतं.

*

शेवटी ठरवलं, गिटार पभ्याकडे पाठवून द्यायची. रविवारची दुपार होती. बांधाबांध करण्याआधी एकदा वाजवावं म्हणून उभा राहिलो, सावधानमध्येच. सुरुवात वाजवली. सदा जिथे तोंड उघडायचा ती जागा आली. नेहमीसारखा मान खाली घालून पुढे वाजवत राहिलो.

भिंतीपलीकडे काकू पापड लाटत होत्या. लाटणं थांबलं. आता ओरडतील म्हणून मी हात आवरता घेणार, एवढ्यात तिकडून गाणं सुरू झालं. बारीक, जरा कापऱ्या आवाजात, पण चालीत अगदी बरोबर. सदाच्या इंग्रजीसकट, आणि त्या कानडी मेंढरांसकट!

पहिलं कडवं संपलं. माझी बोटं तारांवर तशीच राहिली.

"थांबलास का रं?" काकू ओरडल्या. "दुसरं कडवं ऱ्हायलंय की!"