बसून राहिलो

दीड महिन्यापूर्वी एका सकाळी माझी पुतणी ऋचा हिचा फोन आला. “काकू, बाबा गेले.” माझे दीर अरविंद न्यूमोनियाने रुग्णालयात होते, पण ते घरी परततील असेच आम्ही सारे धरून चाललो होतो. लगोलग ती म्हणाली, “आज पाटणला माल जायचा आहे. मी अर्धा तास कारखान्यात जाऊन येऊ का?” मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. तिचा प्रश्न मात्र अजून कानांतून गेलेला नाही…

लिहिण्याची मला सवय नाही. उभे आयुष्य पुण्यात विद्यार्थ्यांचे निबंध तपासण्यात गेले. स्वतः लेखणी उचलली ती साठी उलटल्यावर. भाऊजींविषयी अधिकाराने लिहिणारे इतर पुष्कळ असतील. मला फक्त त्यांच्या एका तासाचे कुतूहल होते, आणि ते पुरते शमलेले नाही.

हिंदी मुलखात, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा शेती-अवजारांच्या स्प्रिंगांचा छोटा कारखाना. सुट्टीत आम्ही त्याच शहरातल्या कांचघर भागात, माझ्या सासरी येत असू, तेव्हा भाऊजी क्वचितच पानावर दिसत. यंत्र बिघडो, मजूर भांडोत, प्रत्येक गोष्ट त्यांच्याच कानी जायला हवी. अशाच एका उन्हाळ्यात उजव्या पिळाच्या स्प्रिंगांची सबंध खेप डाव्या पिळाची निघाली. नमुना खुद्द त्यांनीच तपासून पसंत केला होता. मिस्त्री एवढेच म्हणाले, “साहब, ये तो उल्टी लिपट गई।” भाऊजी भर दुपारी घरी आले आणि पायरीवरच बसले. “वहिनी, स्प्रिंग हातात धरून पाहून राहिलो, अन् डावं कोणतं, उजवं कोणतं, तेच कळेना. घास कोणत्या हातानं घेतो, ते आठवून पाहिलं…” त्यांचा आवाज चोरटा झाला होता.

पुढे निवृत्त होऊन आम्ही कांचघरला कायमचे आलो. भाऊजी चार ते पाच फोन उचलत नाहीत, हे माझ्या लक्षात आले. एकदा विचारले, “हल्ली दुपारी काय करता?” ते म्हणाले, “बसून राहिलो, वहिनी.” माझ्या पुणेरी कानांनी त्याचा अर्थ लावला, की हाताला काम उरले नाही, धंदा बसला! कुणाला न सांगता मी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन, सांत्वनाची वाक्ये मनाशी जुळवीत रिछाईला पोहोचले. कारखाना धडधडत होता. भाऊजी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली लोखंडी खुर्चीवर बसले होते. माझे सांत्वन ऐकून हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. “अहो, धंदा नाही बसला! मी बसून राहिलो. म्हणजे माझं बसणं चालू आहे.” मग पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, “स्प्रिंग सारखी दाबून ठेवली की बसते, मग उसळत नाही. ती बसू नये म्हणून मालक बसते.” उलट्या खेपेनंतरच ही खुर्ची बाहेर आली होती. फोन तेवढा वेळ आतल्या टेबलाच्या खणात राही. एक-दोन गिऱ्हाइके रागावून गेली, ती त्यांनी जाऊ दिली.

“पण तेवढ्या वेळात मनात काय होतं?” मी विचारले.

“पहिली वीस मिनिटं कारखानाच बोलून राहते डोक्यात. मग तो आपोआप गप होते.”

“आणि मग?”

“मग पाच वाजते.”

भाऊजी गेल्यापासून ऋचा एकटी कारखाना पाहते. पंधरा दिवसांपूर्वी तिने चहात साखरेऐवजी मीठ घातले, आणि अर्धा कप पिऊनही तिला ते कळले नाही. मला ती दुपारची पायरी आठवली. मी भीतभीतच खुर्चीचा विषय काढला. ती उसळली. “काकू, बाबांना जमायचं, कारण आत मी होती ना! मी बसली तर आत कोण?” एवढ्या वर्षांत हे माझ्या मनातही आले नव्हते. त्या तासाला आतून कुणाचा तरी टेका होता, याचा विचार बहुधा भाऊजींनीही केला नसावा…

“मी,” असे माझ्या तोंडून निघून गेले.

“काहून? तुला स्प्रिंगमधलं काय समजते?”

“काही नाही. पण निरोप लिहून घेता येतो.”

गेल्या सोमवारपासून चार ते पाच मी त्या टेबलापाशी बसते. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचे म्हटले की आजही मी वाक्य आधी कागदावर लिहून घेते. ऋचाचा फोन आता त्याच खणात असतो. काल तो वाजला. जवळच्या पाटणचे एक व्यापारी होते. “ऋचा जी कहाँ हैं?”

“वे बैठी हैं,” मी माझ्या पुस्तकी हिंदीत म्हणाले.

“अच्छा, तो फ़ुरसत में हैं? बात करा दीजिए।”

“जी नहीं। बैठी हैं। पाँच बजे मिलेंगी।”

फोन पुन्हा खणात ठेवून मी खिडकीतून पाहिले. ऋचा कडुनिंबाखालच्या खुर्चीवर होती. तिचा पाय अजून अस्वस्थपणे हलत होता. घड्याळात चार वाजून बारा मिनिटे झाली होती.