साळूआत्याचं हाड

आमच्या साळूआत्यानं जन्मात कधी काही फेकलं नाही. फुलंब्रीजवळच्या तिच्या घरी एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात तुटके चमचे, कान गेलेले कप आणि आतोबांची उजव्या पायाची एकच चप्पल होती. आतोबा जाऊन कैक वर्षं झाली, चप्पल मात्र टिकून होती. देण्याच्या बाबतीतही तिचा हात असाच आखडता. कुणी ताक मागायला आलं, तर ताक कशाला पाहिजे याची ती आधी कसून चौकशी करायची.

तिचा खुबा मोडला तेव्हा ऑपरेशनसाठी मी तिला शहरात, पुंडलिकनगरला आमच्या घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘आजी, तुमचा खुब्याचा गोळा काढून धातूचा बसवायचाय. काढलेलं हाड चांगलं असलं तर आम्ही गोठवून ठेवतो, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतं. तुमची हरकत असेल तर टाकून देऊ.’’

‘‘टाकून?’’ आत्या ताडकन म्हणाली. ‘‘काहून टाकायचं? ठेवा!’’

संमती अशी चुटकीसरशी मिळाली. मग मात्र तिला शंका आली. आदल्याच आठवड्यात तिनं आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात पलंगावरून हुकूम सोडून वांगी ठेवायला लावली होती आणि बाहेर काढल्यावर त्यांचा झालेला चिखल पाहून माझ्या बायकोला दोष दिला होता.

‘‘डाक्तर, बर्फातलं वांगं पाह्यलंय का कधी? माझ्या हाडाचं तसं व्हईल.’’

डॉक्टर हसले, पण त्यांनी तिला नीट सांगितलं. गोठताना पेशींतल्या पाण्याचा बर्फ होतो, त्यानं पेशी फुटतात. वांग्यात सगळा कारभार पेशींचाच, म्हणून त्याचा लगदा होतो. हाडातल्या पेशीही मरतात, पण हाडाचा टणक सांगाडा जवळपास तसाच राहतो. उलट पेशी मेलेल्या असल्या की दुसऱ्याचं शरीर त्या हाडाशी भांडण कमी काढतं.

‘‘म्हंजे मेलेलं हाड देता व्हय लोकांना?’’

‘‘मेलेलंच. ज्याला देतो, त्याचं शरीर त्यात जीव भरतं.’’

आत्याला ते पटलं. पटलं नसतं तर तिनं डॉक्टरांना घरी जाऊ दिलं नसतं.

डॉक्टरांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली होती. हाड सहा महिने नुसतंच गोठवून ठेवायचं, आणि मग आत्याचं रक्त पुन्हा तपासायचं. काही आजार लपलेला नाही याची खात्री झाली, तरच ते कुणाला द्यायचं. रक्त मिळालं नाही तर हाड कचऱ्यात.

ऑपरेशन झालं, आत्या गावी परतली, सहा महिने झाले. दवाखान्यातून फोन आले, मी गावी निरोप धाडले, पण आत्याचा पत्ता नाही. मग एका सकाळी ती काठी टेकत आमच्या दारात हजर झाली. ‘‘बद्री, चल दवाखान्यात. मला माझं हाड परत पाहिजे.’’

हा उद्योग तिची शेजारीण द्वारकाबाई हिचा होता. मेल्यावर अस्थी पैठणला गोदावरीत जाणार आणि त्यात एक हाड कमी असणार, मग आत्मा ते शोधत दारोदार फिरणार, असं तिनं आत्याला पटवून दिलं होतं. आपली वस्तू हरवली तर आपण गप्प बसणार नाही, मेल्यावरसुद्धा, हे आत्याला स्वतःपुरतं पक्कं ठाऊक होतं.

‘‘नेऊन ठेवाल कुठं?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘पेटीत. चपलंजवळ.’’

‘‘आजी, इथं उणे ऐंशी अंशांत आहे म्हणून टिकलंय. तुमच्या पेटीत दोन दिवसांत वास सुटेल. आणि आज रक्त दिलं नाहीत तर मला ते टाकावंच लागेल.’’

आत्या पाय आपटत बाहेर आली (धातूचा खुबा उत्तम चालत होता) आणि बाकावर बसली. शेजारी एक मेंढपाळ होता. पायाभोवती लोखंडी कड्या, खांद्यावर घोंगडी. त्याचं नाव मुंजाबा. दौलताबादच्या घाटात कपारीत अडकलेलं कोकरू काढताना तो पडला होता. नडगीचं हाड जुळत नव्हतं, मधे फट राहिली होती.

‘‘मग भरीत काहून नाय ती फट?’’

‘‘भराया हाड लागतं, आक्का. माझंच कमरंचं काढून भरलं व्हतं, नाय पुरलं. आता दुसऱ्याचं मिळालं तर. मेंढरं जावयाबरूबर गेली. मी बसलोय. घरी बसलेला धनगर पाह्यला का कधी?’’

आत्यानं त्याच्या पायाच्या कड्यांकडं एकदा पाहिलं. मग ती उठली, आत गेली आणि हात पुढं करून म्हणाली, ‘‘घ्या रक्त. पण थोडंच घ्या.’’

पुढं मुंजाबाची फट भरली. कुणाचं हाड कुणाला दिलं, हे डॉक्टर सांगत नसतात. त्यांनी आत्यालाही सांगितलं नाही.

‘‘नका सांगू,’’ ती म्हणाली. ‘‘मला दिसतंय की.’’

मुंजाबा चालू लागला आणि लेंड्यांच्या खतासाठी मेंढरं तिच्या शेतात बसवायला येऊ लागला. तो बांधावरून उडी मारू लागला की आत्या ओरडायची, ‘‘हळू! माझं हाड हाय त्यात!’’ आणि न मागता त्याला भाकरी द्यायची, तीही ताज्या लोण्याबरोबर. द्वारकाबाईला हे बघून ताप भरला म्हणतात.

एकदा मीच आगाऊपणा केला. डॉक्टरांकडून ऐकलेलं तिला सांगितलं, की परकं हाड म्हणजे स्लॅबखालचं सेंट्रिंग. त्याच्या आधारानं स्वतःचं हाड तयार होत जातं आणि परकं हळूहळू विरतं.

‘‘म्हंजे माझं काहीच उरणार नाय?’’ तिनं विचार केला. ‘‘मग मला लवकर मरावं लागंल.’’

अस्थींत कमी पडणाऱ्या हाडावर तिनं तोडगा आधीच काढला होता. मुंजाबाकडून वचन घेतलं होतं, की ती गेल्यावर त्यानं पैठणला यायचं आणि अस्थी सोडताना तो पाय नदीत बुडवून उभं राहायचं. म्हणजे हिशेब पुरा.

लवकर काही ती मेली नाही, चांगली सात-आठ वर्षं जगली. गेली तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा फार वाईट वाटलं. पेटी उघडून मी त्या चपलेकडं बघत रडलो.

पैठणला मुंजाबा आला. मेंढरं लांब जालन्याकडं सोडून आला होता. धोतर वर खोचून तो पाण्यात उतरला, गुडघ्यापर्यंत, मग आणखी पुढं. मी अस्थी सोडल्या. तो हात जोडून उभाच राहिला.

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. ‘‘मुंजाबा, खरं सांगतो. तुझ्या पायात आत्याचंच हाड होतं, हे कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या कुणाचंही असेल.’’

त्यानं ओला पाय घोंगडीनं पुसला.

‘‘असंल की,’’ तो म्हणाला. ‘‘मग ज्याचं असंल, त्याचंबी झालं पैठण.’’